उत्तर प्रदेशातील कोल्हू आणि गुळाची मंडी पाहण्यासाठी कोणत्या गावी जावे?

मोहोळचे गुऱ्हाळ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. सीना नदीच्या काठी मोहोळ तालुक्यात आमची शेती आहे आणि गेली नऊ वर्षे आम्ही घरचे गुऱ्हाळ चालवतो. माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, वयाच्या अठराव्या वर्षापासून गुळव्याचे काम करीत आले आहेत. काहील, म्हणजे रस आटवण्याची मोठी कढई, केव्हा उतरवायची हे ते आजही तापमापकाकडे न पाहता, पाण्यात पाकाचा थेंब सोडून त्याची गोळी बोटांत धरून ठरवतात आणि त्यांचा अंदाज चुकल्याचे मी अजून पाहिलेले नाही. आता त्यांचे वय ६८ आहे. उत्तर प्रदेशात कोल्हूवर, म्हणजे तिकडच्या गुऱ्हाळात, एकाच चुलवाणावर (भट्टीवर) ओळीने तीन काहिली बसवतात, पुढच्या काहिलीखालून निघालेली धग मागच्या दोन काहिलींना पुरते आणि त्यामुळे जाळायचे चिपाड, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, शिल्लक राहते, असे त्यांनी फार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून ऐकले होते. ते चुलवाण एकदा डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा त्यांनी यंदा दिवाळीत पहिल्यांदाच बोलून दाखवली. आमच्याकडे हंगामाच्या शेवटी चिपाड अपुरे पडते आणि सरपण विकत आणावे लागते, तेव्हा या इच्छेला घरच्या हिशेबाचीही बाजू आहे.

आम्ही दोघेच जाणार आहोत, कारण गुऱ्हाळ आणि जनावरे सोडून माझ्या यजमानांना येता येणार नाही. आम्हाला मोठे शहर पाहायचे नाही. जिथे आसपासच्या खेड्यांतून ऊस आणि गूळ येतो, जिथे सकाळी सौदे होतात आणि जिथून पायी किंवा रिक्षाने एखाद्या चालू कोल्हूपर्यंत जाता येते, असे बाजाराचे लहान गाव हवे आहे. जानेवारीच्या मध्यात सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजाची मिरवणूक आणि अक्षता सोहळा मामंजींनी आजवर एकदाही चुकवलेला नाही, त्यामुळे त्या दिवसांत आम्ही सोलापूर सोडणार नाही. त्याआधी जावे की नंतर, राहण्याची सोय कशी होते, अनोळखी बाईला कोल्हूवर उभे राहू देतात का आणि यजमानांसाठी इकडून काय न्यावे, हे ज्यांना अनुभवाने माहीत आहे त्यांनी कृपया सांगावे.

गंगनहर

ताई, नमस्कार. मी जुळे सोलापूरचा रहिवासी असून साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीच्या कामानिमित्त पाच हंगाम मेरठ आणि मुजफ्फरनगर या भागात राहिलो आहे. आपल्या प्रश्नाला माझे उत्तर एकाच गावाचे आहे: खतौली. हा मुजफ्फरनगर जिल्ह्यातला कसबा दिल्लीहून हरिद्वारकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेरठच्या पुढे लागतो. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती ७० हजारांच्या आसपास होती, म्हणजे गाव पायी फिरून होते. गावात मोठा साखर कारखाना आहे, गावाला लागून गंगेचा कालवा वाहतो आणि गावाबाहेर कोणत्याही रस्त्याने तीन-चार किलोमीटर गेले की कोल्हूचा धूर दिसतो. गुळाची खरी मोठी उलाढाल मुजफ्फरनगरच्या मंडीत होते, पण ते शहर तिथून अर्ध्या-पाऊण तासावर असल्याने एखादी सकाळ तिकडे काढता येईल.

जाण्यासाठी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. कोल्हू साखर कारखान्यांच्याही आधी, पावसाळा सरता सरता पेटतात आणि वसंतापर्यंत चालतात, त्यामुळे डिसेंबरातही काम पाहायला मिळाले असते. परंतु डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर त्या प्रदेशात असे दाट धुके उतरते की गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात आणि सकाळी नऊपर्यंत समोरचा माणूस ओळखू येत नाही. सोलापूरच्या माणसाला त्या थंडीची कल्पना येत नाही. ऊन असूनही हाडे गारठतात आणि मामंजींचे वय पाहता तो धोका पत्करू नये. पावसाळ्यात तर जाऊच नये. तिकडचा श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि त्या काळात हरिद्वारहून गंगाजल घेऊन परतणाऱ्या कावडवाल्यांमुळे हा सगळा रस्ता आणि कालव्याची पट्टी माणसांनी भरून गेलेली असते.

सोलापुराहून दिल्लीला थेट जाणारी कर्नाटक एक्सप्रेस आपल्याला सोयीची पडेल. दिल्लीहून मेरठमार्गे सहारनपूरकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी ज्या खतौलीला थांबतात, त्यांतली एखादी पकडावी. बसने जायचे झाल्यास वाहकाला आधी विचारून घ्यावे की गाडी गावात शिरणार आहे की बाहेरच्या वळणरस्त्याने निघून जाणार आहे. मला एकदा रात्री साडेदहाला महामार्गावर उतरून सामानासह चालत यावे लागले होते.

आता मुख्य विषयाकडे येतो. उसाची शेती दोन्हीकडे असली तरी उसाचा व्यवहार इतका वेगळा आहे की तो समजून न घेता कोल्हूवर गेलात, तर तिथे चाललेल्या बोलण्यातले निम्मे हातून निसटेल. आपल्याकडे कारखाना टोळी पाठवतो, बीडकडची माणसे कोयता घेऊन येतात आणि तोड-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून वजा होतो. तिकडे शेतकऱ्याने स्वतः ऊस तोडायचा, सोलायचा आणि ट्रॉलीत किंवा बुग्गीत, म्हणजे रेड्याच्या गाडीत, भरून कारखान्याच्या काट्यावर न्यायचा असतो. केव्हा न्यायचा हेही त्याच्या हाती नसते. ऊस समितीकडून पर्ची निघते, म्हणजे अमुक दिवशी अमुक क्विंटल ऊस आणावा अशी चिठ्ठी येते. पूर्वी ती कागदाची असे, अलीकडे मोबाइलवर संदेश येतो. तिकडची समिती आपल्या सहकारी कारखान्यासारखी गाळप करीत नाही. कोणाचा ऊस कोणत्या दिवशी कारखान्याला जावा याची वाटणी ती करते आणि कारखाने बहुतांशी खाजगी मालकीचे आहेत. उसाचा भावही तिकडे टनावर बोलला जात नाही, क्विंटलवर बोलला जातो. केंद्राने ठरवलेल्या भावावर राज्य सरकार आपला वेगळा भाव जाहीर करते. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राचा भाव १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता, तर उत्तर प्रदेशाचा लवकर पक्व होणाऱ्या जातींचा भाव ३७० रुपये होता.

इथेच कोल्हूचे महत्त्व कळते. ज्या घरात लेकीचे लग्न ठरले आहे, ज्याला गव्हासाठी रान तातडीने मोकळे करायचे आहे किंवा ज्याची पर्ची महिनाभर येणार नाही, तो शेतकरी बुग्गी कोल्हूकडे वळवतो. कोल्हूवाला बहुधा सरकारी भावापेक्षा कमी देतो, पण तिथल्या तिथे रोख देतो. कारखान्यांची देणी लांबलेल्या वर्षांत कोल्हूसमोर बुग्ग्यांची रांग लागलेली मी पाहिली आहे, आणि हंगामाच्या शेवटी ऊस कमी पडू लागला की कोल्हूवाला कारखान्याच्या भावाशी स्पर्धाही करतो. आपल्या शेतकऱ्याला टोळीची वाट पाहत बसावे लागते, कारण ऊस तोडायला त्याच्या घरी माणसे नसतात. तिकडच्या शेतकऱ्याला, थोडा भाव सोडून का होईना, दुसरे दार उघडे असते. खतौलीत जे पाहण्यासारखे आहे ते हे दार आहे. म्हणून पहिल्या दिवशी कोल्हूवर थेट चुलवाणाकडे न जाता काट्याजवळ तासभर बसावे आणि कोण ऊस घेऊन येतो, का घेऊन येतो, हे ऐकावे.

काही शब्द आधीच माहीत असलेले बरे. आपल्या चिपाडाला तिकडे खोई म्हणतात, काहिलीला कढाव, मळीला (रस उकळताना वर येणाऱ्या घाणीला) मैली, खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाला) पेडी आणि उसाच्या वाढ्याला (हिरव्या शेंड्याला) अगोला. जाळ घालणाऱ्याला झोंकिया म्हणतात. आपण ज्याला गुळव्या म्हणतो त्या कारागिराला तिथे मोठा मान असतो, त्यामुळे मामंजींची ओळख सून म्हणून आपण करून द्यावी आणि ‘हे पन्नास वर्षे गूळ करीत आहेत’ एवढेच सांगावे. आणखी परिचयाची गरज भासणार नाही.

आणि बोलीबद्दल एक सूचना. त्या भागातली खडी बोली कानाला राकट वाटते. मोठ्या माणसालाही सहज ‘तू’ म्हणतात आणि त्यात अनादर नसतो. पहिल्या आठवड्यात मी उगाच मनाला लावून घेत असे. आपण मात्र आपल्या सवयीने ‘आप’ म्हणावे, वयस्करांना ‘ताऊ’ म्हणावे आणि भेटताना ‘राम राम’ किंवा समोरचे घर मुसलमानाचे असल्यास ‘सलाम’ म्हणावे. कसब्यात दोन्ही समाज शेजारी राहतात आणि कोल्हूवर एकत्र काम करतात. २०१३ च्या दंगलीने त्या जिल्ह्यात पुष्कळ घरे उठली. तो विषय पाहुण्याने आपणहून काढू नये, समोरच्याने काढला तर शांतपणे ऐकावा.

बाजारसमिती

वरील उत्तर वाचून समाधान वाटले. मी सोलापूरच्या मार्केट यार्डात अडतीचा व्यवसाय करतो, आमचा मुख्य माल कांदा, परंतु काही वर्षे मुजफ्फरनगरचा गूळही इकडे मागवला होता. त्या निमित्ताने मंडीत तीन-चार वेळा जाणे झाले, म्हणून मंडीपुरते लिहितो.

आपल्याकडे गूळ म्हटला की कोल्हापूरची किंवा कराडची ढेप डोळ्यांसमोर येते आणि एका भागातला गूळ साधारण एकाच आकाराचा असतो. त्या मंडीत मात्र गुळाच्या आकारावरून त्याचे नाव आणि नावावरून भाव ठरतो. लाकडी किंवा मातीच्या पसरट चाकात निववून कापलेला तो चाकू, खुरप्याने ओढून पाडलेला तो खुरपापाड, हाताने वळलेला तो लड्डू आणि दाणेदार मोकळी केलेली ती शक्कर. आपल्याकडच्या साखरेला ते चीनी म्हणतात, त्यामुळे ‘शक्कर द्या’ म्हटल्यावर गुळाची भुकटी समोर आली तर गोंधळून जाऊ नये. हलक्या प्रतीच्या मालाला रसकट म्हणतात. भाव अजूनही ४० किलोच्या मणावर बोलला जातो. क्विंटलची सवय असलेला माणूस पहिल्या दिवशी हिशेबात नक्की चुकतो, मी चुकलो होतो. शेतीच्या मापाचेही तसेच आहे. तिकडे जमीन बिघ्यात सांगतात आणि त्या भागातल्या कच्च्या बिघ्यांचे सुमारे पावणेपाच बिघे मिळून एक एकर होतो. ‘वीस बिघे ऊस आहे’ असे ऐकले तर चार एकरांच्या थोडे वर धरावे.

मंडीत सकाळी लवकर जावे. आपला हमाल तिथे पल्लेदार असतो आणि अडत्याला आढती म्हणतात. ढिगाजवळ उभे राहून माल फोडून पाहण्याची मुभा असते, चव पाहण्याचीही असते, परंतु बोली चालू असताना खरेदीदार आणि ढीग यांच्यामध्ये उभे राहू नये. फोटो काढण्याआधी विचारावे. ‘शोलापूर’ म्हटल्याबरोबर समोरचा माणूस ‘चादर’ म्हणतो, हा माझा प्रत्येक वेळचा अनुभव आहे. म्हणून आपण विचारले आहे त्याचे उत्तर अगदी सोपे आहे: यजमानांसाठी दोन चादरी आणि शेंगांच्या चटणीचा डबा न्यावा. याहून ओळखीची भेट आपल्याकडून त्यांना दुसरी मिळणार नाही.

कृषी पदवीधर, पंढरपूर

माझे मत थोडे वेगळे आहे. गूळ शिकायचा असेल तर कोल्हापूर आपल्याला जवळ आहे, तिथला गूळ नावाजलेला आहे आणि सुधारित चुलवाणाची माहिती कृषी विद्यापीठाकडूनही मिळू शकते. तिकडच्या गुळाचा पिवळा रंग पुष्कळदा हायड्रोस पावडरचा, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाचा, असतो, हेही लक्षात घ्यावे. एवढा खर्च आणि वयस्कर माणसाला एवढा प्रवास योग्य आहे का, याचा विचार व्हावा.

गंगनहर

हायड्रोसबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, आणि तो दोष दोन्हीकडे आहे. आपल्याकडे तर गुळात साखर मिसळण्याचाही प्रकार चालतो. परंतु चुलवाणाच्या बाबतीत मी सहमत नाही. आपल्याकडे एक मोठी काहील आणि तिच्याखाली एक मोठा जाळ अशी रीत आहे, आणि काहिलीखालून निघालेली उष्णता धुराड्यातून वाया जाते. तिकडे चुलवाण लांबट असून काहिली एकामागे एक बसवतात. धुराड्याजवळच्या काहिलीत कच्चा रस कोमट होतो, मधल्या काहिलीत मैली वर येते आणि जाळावरच्या काहिलीत पाक तयार होतो. रस डोयांनी मागून पुढे सरकत जातो. कागदावरची आकृती मीही पाहिली होती, पण पुढची काहील उतरवताना मागच्या दोन काहिलींचा मेळ कसा घालतात, हे तिथे उभे राहिल्याशिवाय मला समजले नव्हते. जे काम हाताने आणि डोळ्याने होते, ते ज्यांनी आयुष्यभर केले आहे त्यांनी पाहिलेलेच बरे.

साखर पेठ

ताई, स्त्री म्हणून आपण जे विचारले आहे त्याचे उत्तर देते. मी सोलापूरच्या साखर पेठेतली आहे, आणि आमचे जैन कुटुंब हस्तिनापूरच्या यात्रेसाठी दोनदा त्या भागात जाऊन आले आहे. हस्तिनापूर खतौलीहून गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. आपल्यासारख्या ऊसकरी घराला त्या क्षेत्राची एक गोष्ट जवळची वाटेल. भगवान ऋषभदेवांनी दीर्घ उपवासानंतर पहिला आहार घेतला तो हस्तिनापुरात, राजा श्रेयांसाच्या हातून, आणि तो आहार उसाच्या रसाचा होता, अशी आमची श्रद्धा आहे. अक्षय तृतीयेला वर्षभराचे तप पूर्ण करणारे लोक आजही तिथे येऊन उसाच्या रसानेच पारणे करतात. तिथे धर्मशाळा स्वच्छ आहेत, जेवण सूर्यास्तापूर्वी मिळते आणि स्त्रियांना निर्धास्तपणे राहता येते. खतौलीतही जुनी जैन वस्ती आणि मंदिरे आहेत. गावात मनासारखी खोली मिळाली नाही, तर मेरठ किंवा मुजफ्फरनगर येथे मुक्काम करून रोज ये-जा करावी. संध्याकाळ झाल्यावर गावाबाहेरच्या रस्त्यांवर फिरू नये.

बाजारात त्या भागातल्या घरंदाज स्त्रिया फार दिसत नाहीत, पण पैंठेत, म्हणजे आठवडी बाजारात, बांगड्यांपासून बियाण्यांपर्यंत सगळ्या गोष्टींच्या घासाघिशीत त्याच पुढे असतात. पैंठ हा शब्द ऐकला तेव्हा मला आपल्या पेठेची आठवण झाली होती. डोक्यावर पदर असावा. त्याने उगाच वळणाऱ्या नजरा कमी होतात. कोल्हूवर आपल्याला कोणी अडवणार नाही, मात्र लवकरच घरातल्या बायका आत बोलावून घेतील आणि आपले पाहणे तिथेच थांबेल. तेव्हा जे पाहायचे ते आधी पाहून घ्यावे, चहा नंतर घ्यावा.

मोहोळचे गुऱ्हाळ (मार्चमधील नोंद)

सर्वांचे मनापासून आभार. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही जाऊन आलो आणि आता सविस्तर लिहिते आहे, कारण आपण सर्वांनी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तशाच निघाल्या.

धुके सरले होते आणि कालव्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी संपत आलेली होती. मामंजी पहिल्यांदा थबकले ते कोल्हूसमोर नव्हे, तर गंगेच्या कालव्यावर. फेब्रुवारीत काठोकाठ वाहणारे एवढे पाणी त्यांनी कधी पाहिले नव्हते. १८३७-३८ च्या दुष्काळात त्या मुलखातली माणसे भुकेने मेल्यानंतर हा कालवा खोदायचे ठरले आणि १८५४ मध्ये त्यात पाणी सोडले, असे मी त्यांना वाचून सांगितले, तेव्हा ते म्हणाले की आपला सोलापूरजवळचा एकरुखचा तलावही दुष्काळाच्या भीतीनेच बांधला होता. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. आमच्या सीनेला उन्हाळ्यात पाणी असते की नाही, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

गंगनहर यांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या दिवशी आम्ही काट्याजवळ बसलो. दोन तासांत अकरा बुग्ग्या आल्या. एका तरुण मुलाची पर्ची आठ दिवसांनी येणार होती, पण त्याला आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्याच दिवशी मेरठला जायचे होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा ऊस लाल कुजेने बिघडला होता. त्या भागात सगळीकडे पसरलेल्या ०२३८ या जातीवर तो रोग फार पडला आहे आणि असा ऊस कारखाना घेत नाही, म्हणून त्यांनी तो मिळेल त्या भावाला कोल्हूवर घातला. एकाला पेडीचे रान मोकळे करायचे होते. पैसे मोजून घेताना कोणी फार बोलत नव्हते. हे दुसरे दार आपल्याकडेही असावे असे मला वाटले, पण ते कोणत्या वेळी उघडावे लागते तेही तिथे दिसले.

शेतात ऊस सोलणाऱ्या बायका मात्र मला आपल्याच वाटल्या. त्या मजुरी घेत नव्हत्या; सोलण्याच्या बदल्यात अगोल्याचे भारे घरच्या म्हशींसाठी नेत होत्या. आमच्या फडात टोळीतल्या बायका वाढे विकून मीठ-मिरचीचा खर्च भागवतात. एकीने माझ्या हातातला कोयत्याचा जुना व्रण पाहिला आणि काही न विचारता स्वतःचा दाखवला.

दुसऱ्या दिवशी मामंजी चुलवाणाजवळ गेले. त्यांना हिंदी समजते, पण बोलताना अडते. तिथल्या कारागिराची खडी बोली मलाही पुरती कळत नव्हती. मी आपण सांगितले होते तसे, ‘हे पन्नास वर्षे गूळ करीत आहेत’, एवढेच म्हटले. त्या कारागिराने काही न बोलता पाण्याची वाटी पुढे केली. मामंजींनी थेंब सोडला, गोळी बोटांत धरली आणि मान हलवली, म्हणजे अजून नाही. तो हसला आणि झोंकियाला जाळ कमी करू नको म्हणून ओरडला. थोड्या वेळाने दोघांनी एकाच वेळी हात वर केला आणि काहील उतरली. त्यानंतर मामंजी तीन दिवस रोज सकाळी तिथे जाऊन बसत आणि त्यांना कोणी परके मानले नाही.

त्यांनी सगळे वितीने आणि गाठी मारलेल्या सुतळीने मोजले: जाळाचे तोंड, दोन काहिलींमधले अंतर, मागे चढत जाणाऱ्या बोगद्याचा उतार. मला वाटत होते की तीन काहिलींमुळे काम वाढत असेल, पण तसे नाही. मागच्या काहिलीतला रस आधीच तापलेला असल्याने पुढच्या काहिलीला वेळ कमी लागतो आणि मळी मधल्या काहिलीतच निघून जाते, म्हणून गुळव्याला शेवटच्या टप्प्यावर फक्त पाकाकडे पाहता येते. मळी काढण्यासाठी ते भेंडीचाच चिकट रस वापरतात, जसा आम्हीही वापरतो. संध्याकाळी अर्धवट वाळलेल्या खोईचा मोठा ढीग शिल्लक राहिलेला आम्ही पाहिला. कागद कारखान्यांची माणसे ती विकत नेतात, असे मालकांनी सांगितले.

पावडरीचा प्रश्नही आला. मंडीसाठी चाललेल्या काहिलीत पांढरी पूड पडली आणि गूळ पिवळाधमक झाला, तेव्हा मामंजींनी तोंड फिरवले. पण त्याच कारागिराने घरच्यासाठी बाजूला काढलेला गडद तपकिरी लड्डू आम्हाला दिला. त्याची चव आमच्या ढेपेहून निराळी, थोडी खारट, पण खरी होती. पंढरपूरच्या भाऊंनी जे लिहिले ते योग्यच होते, आणि बाजार पिवळाच रंग मागतो हे दोन्हीकडचे दुखणे आहे. आम्ही घरी पावडर घालत नाही, म्हणून आमच्या ढेपेला यार्डात भाव कमी मिळतो. बाजारसमिती यांना हे ठाऊक असेलच.

साखर पेठच्या ताईंचा अंदाजही खरा ठरला. तिसऱ्या दिवशी मालकांच्या आईने मला आत बोलावून घेतले आणि उसाच्या रसात शिजवलेल्या तांदळाची खीर वाढली; तिला तिथे रसावल म्हणतात. चादरी दिल्या तेव्हा त्यांनी आधी कोपरा उलटून वीण पाहिली आणि मग आपल्या सुनेला हाक मारली. शेंगांची चटणी तिखट लागली असावी, पण डबा रिकामा करून परत दिला, आणि त्यात शक्कर भरून दिली.

परतीच्या वाटेवर आम्ही हस्तिनापूरला एक रात्र राहिलो. मंडीत एकच सकाळ मिळाली, तिच्याबद्दल पुन्हा केव्हातरी लिहीन.

आता घरचा निर्णय असा झाला आहे की आपण तीन नव्हे, दोन काहिलींचे चुलवाण बांधायचे. आपली काहील त्यांच्या कढावापेक्षा बरीच मोठी आणि खोल असते, एका वेळी रस जास्त असतो, आणि तीन काहिली बसवायच्या तर सध्याचे छप्परच वाढवावे लागेल, असे मामंजींचे म्हणणे आहे. पाडव्यानंतर गवंडी येणार आहे. सुतळीवरच्या गाठींवरून मी मापे वहीत उतरवून घेतली आहेत, परंतु धुराड्याची उंची मोजायची राहून गेली, कारण त्या वेळी जाळ चालू होता. दोन काहिलींच्या चुलवाणाला धुराडे किती उंच असावे आणि बोगद्याचा उतार तेवढाच ठेवावा की कमी करावा, हे गंगनहर यांनी किंवा ज्यांनी असे चुलवाण बांधले आहे त्यांनी सांगितले तर फार उपकार होतील.